घामाच्या दुकानातील कामगार

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



कामगार म्हटले की गिरणीचा भोंगा, गोदीतला हमाल, एस.टी.चा वाहक ही चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. काचेच्या भिंतींच्या, थंडगार हवेच्या आणि कर्णकर्कश संगीताच्या दालनात उभा असलेला, पिळदार दंडांचा, हसतमुख तरुण त्या चित्रांत बसत नाही. त्याच्या अंगातला टी-शर्ट हा मालकाने दिलेला गणवेश असतो आणि त्याचे हसू हा नोकरीच्या अटींचा भाग असतो. तरीही त्याला कोणी कामगार म्हणत नाही. पुष्कळदा तो स्वतःही स्वतःला कामगार समजत नाही. हा तरुण, स्वागतकक्षात बसलेली मुलगी, सभासदत्व विकणारा विक्रेता, यंत्रे पुसणारा पोऱ्या आणि स्नानगृह धुणारी बाई ही सर्व माणसे आजच्या विवेचनाचा विषय आहेत.

या माणसांशी कोणी विश्वासाने बोलू लागले की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘तिथले वातावरणच वाईट आहे.’ वातावरण हा शब्द मोठा फसवा आहे. वातावरण म्हणजे जणू पावसासारखे आभाळातून येणारे काही, त्याला कोणी कर्ता नाही आणि इलाजही नाही. व्यवस्थापक तोंडाचा फटकळ आहे, मालकाचा मेहुणा उर्मट आहे, सहकारी एकमेकांचे पाय ओढतात, अशी कारणे मग सांगितली जातात. ती खोटी नसतात, पण ती वरवरची असतात. जिममधला अपमान हा कुणाच्या स्वभावाचा दोष नसून धंद्याच्या रचनेतून निघणारे उत्पादन आहे, हे नीट समजून घेतल्याखेरीज त्यावरचा उपाय सापडणार नाही.

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा नवी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1912 साली खासबागचे कुस्ती मैदान उभे केले. अमरावतीत 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. मुंबईच्या गिरणगावात चाळींच्या आडोशाला व्यायामशाळा असत. पाळी संपवून आलेला कामगार तिथे जोर-बैठका काढी आणि नारळी पौर्णिमेला किंवा गणेशोत्सवात त्याच व्यायामशाळेची पोरे पुढे असत. या परंपरेचे गोडवे गाताना भान मात्र सुटू नये. तालमीची माती सर्वांना सारखी खुली नव्हती. स्त्रियांना तिथे प्रवेश नव्हता, आणि जातीच्या भिंती अनेक ठिकाणी लाल मातीतही उभ्या होत्या. वस्तादाचा शब्द अखेरचा असे आणि त्याची काठीही असे. परंतु तिथे नफ्याचा हिशेब नव्हता. शिकविणारा कुणाचा नोकर नव्हता आणि शिकणारा कुणाचे गिऱ्हाईक नव्हता.

जिम हे त्याच गोष्टीचे दुकानात झालेले रूपांतर होय. तळवलकर हे नाव मुंबईत 1932 पासून व्यायामाशी जोडलेले होते. त्या नावाची कंपनी 2010 साली शेअर बाजारात उतरली आणि 2019 साली तिला देणी फेडता आली नाहीत. शाखा बंद पडत गेल्या. व्यायामशाळेची कंपनी झाली की तिचे आयुष्य व्यायामावर नव्हे, तर कर्जाच्या हप्त्यावर आणि गुंतवणूकदाराच्या मर्जीवर अवलंबून राहते, हा या घटनेचा धडा आहे. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. ज्या परिसरात आजोबा साच्यावर उभे राहत, त्याच परिसरात नातू ट्रेडमिलच्या शेजारी उभा राहतो. आजोबांच्या हातात निदान युनियनचे कार्ड होते. नातवाच्या हातात महिन्याच्या ‘टार्गेट’चा कागद आहे.

हे टार्गेट येते कुठून? जिमचा धंदा आगाऊ पैशांवर चालतो. वर्षाचे सभासदत्व एकदम विकले जाते. नव्या वर्षाचा संकल्प, लग्नसराई, पाडवा, दिवाळी या मुहूर्तांवर सवलतीचे फलक लागतात आणि बारा महिन्यांची फी एका दिवसात गल्ल्यात जमा होते. ती जागेच्या भाड्यात, यंत्रांच्या हप्त्यांत आणि नव्या शाखेच्या अनामत रकमेत लगेच खर्चही होते. पैसे भरणारे सगळेच रोज आले तर जागा पुरणार नाही, हे मालकाला ठाऊक असते. पैसे भरून न येणाऱ्या सभासदांवरच त्याचे गणित उभे असते. पैसा खर्च होऊन गेला तरी सेवा मात्र वर्षभर द्यायची असते, म्हणून पुढचा महिना तगण्यासाठी पुन्हा नवी विक्री करावी लागते. मागील महिन्यात कितीही सभासद आणले तरी पहिल्या तारखेला प्रत्येकाच्या नावापुढे शून्य लिहिले जाते. मालकाने भविष्याकडून घेतलेली ही उसनवारी कर्मचारी आपल्या घामाने फेडत असतो. जिममध्ये ऐकू येणाऱ्या ओरड्याचा खरा उगम या उसनवारीत आहे.

आता कामाच्या वेळा पाहू. गिऱ्हाईक कचेरीला जाण्यापूर्वी आणि कचेरीतून परतल्यावर येते. म्हणून प्रशिक्षक पहाटे साडेपाचला हजर होतो, दहा-साडेदहाला मोकळा होतो, पुन्हा संध्याकाळी पाचला येतो आणि रात्री दहाला सुटतो. कागदोपत्री नऊ-दहा तासांचे काम. प्रत्यक्षात पहाट ते रात्र असा साडेसोळा तासांचा पसारा. मधले तास त्याचे म्हणावेत तर विरार-बदलापूरला घरी जाऊन परत येण्यास ते पुरत नाहीत, आणि मालकाचे म्हणावेत तर त्यांचा पगार मिळत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाच्या कामाचा एकूण पसारा, विश्रांतीसह, सामान्यतः साडेदहा तासांहून अधिक नसावा असे ठरविले होते. ज्या धंद्याची सारी घडीच दोन टोकांच्या गर्दीवर बसविलेली आहे, तिथे एक तर दोन पाळ्यांना दोन माणसे नेमावी लागतील, नाही तर एकाच माणसाचा दिवस दोन्ही बाजूंनी ताणावा लागेल. दुसरा मार्ग स्वस्त असतो.

पगाराची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. ठरलेले वेतन तुटपुंजे. खरी मिळकत ‘पर्सनल ट्रेनिंग’च्या वाट्यातून. गिऱ्हाईक वैयक्तिक शिकवणीचे पैसे जिमकडे भरते, आणि त्यातला काही हिस्सा प्रशिक्षकाला मिळतो. कोणते गिऱ्हाईक कोणाला द्यायचे, हे व्यवस्थापक ठरवितो. या एका अधिकारात सारे राजकारण साठलेले आहे. जो रजा मागत नाही, जो सुटीच्या दिवशी बोलावताच येतो, जो पूरक आहाराचे डबे गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारतो, त्याच्याकडे भरल्या खिशाची गिऱ्हाइके जातात. जो प्रश्न विचारतो त्याच्या वाट्याला केवळ ‘फ्लोअर’ येतो, म्हणजे दिवसभर दालनात उभे राहणे आणि लोकांनी इतस्ततः टाकलेली वजने जागेवर लावणे. त्याला काढून टाकण्याची गरजच पडत नाही. उपासमारीने तो स्वतःच जातो.

गिरणगावाचा इतिहास जाणणाऱ्यांना यात ओळखीचे काही दिसेल. गिरणीत जॉबर होता. बदली कामगाराला आज साचा द्यायचा की दारातून परत पाठवायचे, हे त्याच्या हाती असे आणि त्यासाठी तो दस्तुरी घेई. 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात या प्रथेची नोंद केली होती. जॉबर हा माणूस म्हणून दुष्ट असेलही, नसेलही. त्याच्या हाती दिलेली अनियंत्रित सत्ता त्याला दुष्ट बनवीत होती. जिमचा व्यवस्थापक हा इंग्रजी बोलणारा जॉबर आहे. फरक इतकाच की त्याच्याही डोक्यावर टार्गेट आहे आणि त्यालाही वरून शिव्या खाव्या लागतात. अपमान वरून खाली झिरपतो आणि सर्वांत खाली यंत्रे पुसणाऱ्या पोऱ्यापाशी येऊन साचतो.

या अपमानाची साधनेही आता अद्ययावत झाली आहेत. व्हॉट्‌सॲपच्या समूहावर रोज रात्री प्रत्येकाच्या विक्रीचा आकडा टाकला जातो आणि सर्वांत मागे राहिलेल्याचे नाव सर्वांदेखत घेतले जाते. कॅमेऱ्यातून मालक घरबसल्या पाहतो आणि ‘तो दोन मिनिटे का बसला?’ अशी विचारणा होते. गिऱ्हाइकासमोर झापणे तर नित्याचेच. आजारी पडलेल्याला ‘ट्रेनर असून आजारी पडतोस?’ असे हिणविले जाते. या धंद्यात कामगाराचे शरीर हेच दुकानाची जाहिरात असते; म्हणून त्याच्या पोटाच्या घेरावर, दंडावर, वजनावर शेरे मारण्याचा हक्क प्रत्येकाला आपोआप मिळतो. इतर कोणत्या धंद्यात मालक कामगाराला ‘तू जाड झालास, गिऱ्हाईक काय म्हणेल?’ असे चारचौघांत विचारू शकेल? हे शरीर टिकविण्याचा खर्च मात्र कामगाराचा स्वतःचा. अंडी, दूध, प्रथिनांची भुकटी, प्रमाणपत्रांचे महागडे अभ्यासक्रम, सारे त्याच्या खिशातून. गिरणीमालक निदान साच्याला तेल तरी घालीत असे.

स्त्री कर्मचाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. प्रशिक्षणाच्या कामात स्पर्श अटळ असतो, हातापायांची ठेवण दुरुस्त करावी लागते; आणि याच जागी काही पुरुष सभासदांची नजर व जीभ घसरते. तक्रार केली की उत्तर ठरलेले: ‘त्यांनी वर्षाचे पैसे भरले आहेत, थोडे सांभाळून घ्या.’ स्वागतकक्षातील मुलीला फोनवरून विक्री करावी लागते. तिचा नंबर शेकडो अनोळखी पुरुषांकडे जातो आणि रात्री-अपरात्री संदेश येऊ लागतात. उत्तर प्रदेशच्या राज्य महिला आयोगाने 2024 साली जिममध्ये स्त्रियांसाठी स्त्री प्रशिक्षक असावेत असा प्रस्ताव मांडला, तेव्हा बराच वाद झाला. त्या साऱ्या वादात गिऱ्हाईक स्त्रीच्या सुरक्षिततेचा विचार होता. जी स्त्री तिथे पोटासाठी उभी आहे तिच्या सुरक्षिततेविषयी कोणी फारसे बोलले नाही.

वास्तविक कायदा येथे स्पष्ट आहे. 1997 च्या विशाखा निर्णयानंतर 2013 साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. कामाच्या ठिकाणी संबंध येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही स्त्रीला सुरक्षित ठेवणे हे त्यात मालकाचे कर्तव्य सांगितले आहे. म्हणजे सभासदाने छळ केला तरी मालकाला हात झटकता येत नाहीत. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावयाची असते आणि सबळ कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढू शकते. ही माहिती किती जिमच्या भिंतीवर लावलेली दिसते? भिंतीवर आरसे असतात आणि घाम गाळण्याचे फायदे सांगणारी इंग्रजी वचने असतात.

मालकाजवळचे सर्वांत धारदार हत्यार मात्र शिवी नव्हे, गोड शब्द आहे. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत उच्चारले जाते. कुटुंबात ओव्हरटाइम नसतो, कुटुंबात पगाराची पावती मागत नाहीत, कुटुंबातले भांडण बाहेर नेत नाहीत. त्याच्या जोडीला ‘पॅशन’ आणि गुरु-शिष्य परंपरेची भाषा असते: तू नोकर नाहीस, तू गुरु आहेस. गुरुला मान असतो, हे खरे. पण या गुरुकडे नेमणूकपत्र नसते, सोडताना अनुभवाचा दाखला मिळेलच याची खात्री नसते, आणि राजीनामा दिल्यावर शेवटच्या महिन्याचा वाटा अडकवून ठेवला जातो. तालमीच्या वस्तादाचा मान नव्हे, तर त्याची केवळ काठी तेवढी या नव्या व्यवस्थेने उचलली, आणि तीही मालकाच्या हाती दिली.

या गोड शब्दाला कायद्याच्या गुंत्याचीही साथ मिळाली आहे. 1967-68 च्या सुमारास मद्रास जिमखाना क्लबच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदांचा क्लब हा ‘उद्योग’ नव्हे असे ठरविले होते. 1978 साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाने उद्योगाची व्याख्या विस्तारली आणि जिमखान्याचा जुना निर्णय मागे पडला. कामाची जागा उद्योग ठरली, तरी माणूस कामगार ठरतोच असे नाही. 1988 साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की शाळा हा उद्योग असला तरी शिकविणारी व्यक्ती औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार नव्हे. 1994 साली औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींच्या प्रकरणात, केवळ विक्रीवाढीचे काम करणाराही त्या व्याख्येत बसत नाही असा निर्णय झाला. जिमचा प्रशिक्षक नेमका या दोन पाटांच्या मध्ये सापडतो. कामगार म्हणून दाद मागावयास जावे तर मालक म्हणतो, हा तर शिक्षक. शिक्षक नव्हे म्हणावे तर म्हणतो, हा विक्रेता. आणि दोन्ही नव्हे म्हटले तर ‘हा स्वतंत्र व्यावसायिक, आमच्याकडे केवळ जागा वापरतो’ असा तिसरा दरवाजा असतो.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत विक्रीवाढीचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा कामगारांत समावेश झाला, ही त्यातल्या त्यात एक फट. पण कामगारांच्या अन्य हक्कांची व्याप्ती आकुंचित होत चालली आहे, हेही विसरता येत नाही. 1948 चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा लहान दुकानालाही लागू होता. 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांची दुकाने त्याच्या प्रमुख तरतुदींबाहेर ठेवली, आणि ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2025 च्या सप्टेंबरमध्ये घेतला. गल्लीतल्या जिममध्ये कितीशी माणसे असतात? ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांनाच मोजणीतून वगळायचे, असा हा न्याय आहे.

कुटुंबाच्या भाषेची खरी परीक्षा महामारीच्या काळात झाली. मार्च 2020 मध्ये जिम बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या उघडल्या 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. सात महिने. वाट्यावर जगणाऱ्या प्रशिक्षकाला शिकवणी नाही म्हणजे मिळकत नाही. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी घरपोच सामान पोचविले, कुणी गावी जाऊन शेतात उभा राहिला. मालकांनी भाड्यात सवलत मागितली, करात सवलत मागितली. तेही संकटात होते यात शंका नाही. पण कुटुंबातील या धाकट्या मंडळींसाठी कोणता निधी होता? त्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते, कारण ते कोण आहेत हेच कोणी ठरविलेले नव्हते.

येथे मालकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. शहरातले भाडे अवाढव्य आहे, शेजारी दुसरी जिम निम्म्या फीत सभासद घेते, यंत्रे महाग आहेत. लहान मालक स्वतःही पहाटे पाचला दार उघडतो. हे सारे मान्य. परंतु स्पर्धेचा भार पगारावर आणि माणसाच्या अब्रूवर टाकण्याची मुभा असेल, तोवर चांगला मालकही वाईट मालकाच्या मागे फरफटत जाणार. सर्वांना लागू होणारे नियम असतील तरच सज्जन मालकाला सज्जन राहणे परवडेल. कामगार कायदा हा म्हणूनच सज्जन मालकाचाही मित्र असतो.

संघटना करणे अशक्य आहे, असे हे तरुण म्हणतात. माणसे थोडी, शाखा विखुरलेल्या, एकजण गेला की दुसरा दारात उभा. अडचणी खऱ्या आहेत. पण 2019 साली न्यूयॉर्कमध्ये योगवर्गांच्या एका साखळीतील शिक्षकांनी मतदान करून संघटना केली, आणि ती कुठे? तर 1888 साली स्थापन झालेल्या यंत्रकामगारांच्या युनियनमध्ये. आसने शिकविणारे आणि विमानाचे सुटे भाग जोडणारे एका छताखाली आले. पुढच्याच वर्षी महामारीत त्या साखळीने शहरातल्या शाखा बंद केल्या, ही कटू बाजूही सांगितली पाहिजे. एका दुकानापुरती संघटना दुकानाबरोबर बुडते. म्हणून संघटना धंद्याची हवी, शहराची हवी. मुंबई-पुण्यात प्रशिक्षक एका जिममधून दुसरीत सतत फिरत असतात. हा दुबळेपणा मानला जातो. पण दहा जिमची आतली हकीकत एकाच माणसाला ठाऊक असणे हे संघटकाच्या दृष्टीने बळही आहे. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले तेव्हाही कामगार विखुरलेला आणि गावाकडे डोळे लावून बसलेलाच होता. तरी 1890 साली रविवारची सुटी मिळाली.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येकाला नेमणूकपत्र आणि पगाराची पावती. विक्रीचे टार्गेट चुकले म्हणून मूळ वेतनात कपात नाही. वैयक्तिक शिकवणीची गिऱ्हाइके कोणत्या नियमाने वाटली जातात, तो नियम लेखी. दोन पाळ्यांमधल्या वेळेचा मोबदला किंवा एकसलग पाळी. छळविरोधी समितीची नावे व दूरध्वनी दर्शनी भिंतीवर. नोकरी सोडणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत हिशेब आणि अनुभवाचा दाखला. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी: जिममध्ये काम करणारा प्रत्येकजण, मग तो शिकवीत असो, विकत असो वा फरशी पुसत असो, कामगार मानला जावा.

शेवटची जबाबदारी तिथे व्यायामाला जाणाऱ्यांची आहे. त्यांत प्राध्यापक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, खुद्द युनियनचे सभासदही आहेत. वर्षाची फी भरताना किती टक्के सवलत, हे ते विचारतात. इथल्या माणसांना पगार वेळेवर मिळतो का, हा प्रश्नही त्यांनी विचारावयास हवा. विचारणाऱ्याला लगेच खरे उत्तर मिळेल असे नाही. पण गिऱ्हाईक हे विचारू लागले आहे, ही बातमी मालकापर्यंत पोचेल, आणि आपल्या बाजूने कोणीतरी बोलले हे त्या हसतमुख तरुणाला कळेल. एवढ्याने लढा जिंकला जाणार नाही. पण जो स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास लाजत होता, त्याला ते नाव उच्चारण्याचे धैर्य येईल, आणि प्रत्येक लढ्याची सुरुवात त्या उच्चारातूनच झालेली आहे.